क्रमांक आहे तसाच लिहा

[जुन्या मोटारसायकलींवरचे क्रमांक आजच्या गाड्यांवरील क्रमांकांपेक्षा वेगळे असतात. अशा गाडीची नोंदणी आणि विमा करताना कोणती काळजी घ्यावी आणि ती का घ्यावी, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.]

मित्रांनो, शाळेच्या हजेरीपटात तुमचे नाव लिहिलेले असते. तेच नाव जन्माच्या दाखल्यावर असते, शिधापत्रिकेवर असते आणि परीक्षेच्या प्रवेशपत्रावरही असते. एका कागदावर ‘मोहम्मद’ आणि दुसऱ्या कागदावर ‘मुहंमद’ असे लिहिले गेले, तर केवढी धावपळ करावी लागते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी घरी पाहिले असेल. माणूस तोच असतो. पण कागद म्हणतात, हे दोघे निराळे आहेत.

मोटारसायकलचेही असेच आहे. तिलाही नाव असते. ते नाव अक्षरांचे आणि आकड्यांचे असते. नवी गाडी असेल तर फारशी अडचण येत नाही. गाडी तीस-चाळीस वर्षांची असेल, तर मात्र तिचे नाव वाचणे आणि कागदावर नीट उतरवणे हे एक कामच होऊन बसते.

प्रत्येक मोटारसायकलचे तीन क्रमांक असतात. पहिला नोंदणी क्रमांक. तो पुढच्या आणि मागच्या पाटीवर रंगवलेला किंवा उठवलेला असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना दिसतो. दुसरा चासी क्रमांक. चासी म्हणजे गाडीची लोखंडी चौकट. हा क्रमांक बहुधा हँडलच्या खाली, चौकटीच्या मानेवर ठोकलेला असतो. तिसरा इंजिन क्रमांक. तो इंजिनच्या धातूच्या पेटीवर असतो. पाटीवरचा क्रमांक सरकार देते. गाडी कायमची दुसऱ्या राज्यात नेली, तर तो बदलतोही. चासी क्रमांक कारखान्यात ठोकला जातो आणि तो गाडीबरोबर शेवटपर्यंत राहतो. म्हणून गाडीची खरी ओळख चासी क्रमांकाने पटते.

आता आजच्या गाडीचा चासी क्रमांक पाहा. त्यात अक्षरे आणि आकडे मिळून सतरा चिन्हे असतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७७ साली या पद्धतीचे मानक प्रसिद्ध केले. अमेरिकेत १९८१ च्या गाड्यांपासून सतरा चिन्हांचा क्रमांक सक्तीचा झाला. पुढे ही पद्धत जगभर पसरली. या सतरा चिन्हांपैकी पहिल्या तीन चिन्हांवरून देश आणि कारखाना कळतो. उदाहरणार्थ, क्रमांकाची सुरुवात ‘एम, डी, दोन’ अशी असेल, तर ती गाडी बजाजची आहे, हे जाणकार लगेच सांगतो. या पद्धतीत इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही तीन अक्षरे मुळीच वापरत नाहीत. का बरे? कारण ‘आय’ हे अक्षर एक या आकड्यासारखे दिसते. ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे शून्यासारखी दिसतात. वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये, म्हणून ती वगळली आहेत.

जुन्या काळी असा एकच नियम नव्हता. प्रत्येक कारखान्याची रीत निराळी होती. चेकोस्लोव्हाकियातील जावा गाड्यांच्या क्रमांकात आधी नमुन्याचा आकडा येई. ‘३५३’ हा अशाच एका नमुन्याचा आकडा होता. हाच नमुना म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागला. पुढे त्याच कारखान्यातून येझदी गाड्या बाहेर पडल्या. १९९६ साली तो कारखाना बंद झाला. इंग्लंडमधील ट्रायम्फ कारखान्यात अनेक वर्षे चौकटीवर आणि इंजिनवर एकच क्रमांक ठोकत असत. बी.एस.ए. कारखान्याच्या पूर्वीच्या गाड्यांवर मात्र दोन्ही क्रमांक वेगवेगळे असत. त्यामुळे बी.एस.ए. गाडीचे दोन्ही क्रमांक जुळत नाहीत, एवढ्यावरून कोणी संशय घेतला, तर तो संशय चुकीचा ठरेल. आपल्याकडे १९५५ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, बुलेट गाड्या बनवण्याचे काम सुरू झाले. त्या काळच्या गाड्यांवरही सतरा चिन्हांचा क्रमांक सापडायचा नाही.

म्हणून जुन्या गाडीचा क्रमांक पाच-सहा चिन्हांचा असला, तर घाबरू नका. त्या काळी तो तसाच असे.

आता समजा, तुमच्या आजोबांची एक जुनी बुलेट घराच्या मागच्या खोलीत उभी आहे. आजोबा आता हयात नाहीत. तुमच्या मोठ्या भावाने मिस्त्रीकडून गाडी दुरुस्त करून घेतली आणि ती सुरूही झाली. घरातील सर्वांना आनंद झाला. पण गाडी सुरू झाली, म्हणजे ती रस्त्यावर नेता येते, असे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. विमा नसलेली गाडीही चालवता येत नाही. खासगी मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर वेळी पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते.

तुमचे वय अजून अठरा वर्षांचे झालेले नाही. तेव्हा ही गाडी चालवण्याचा विचार तुम्ही आज करू नका. पण घरातील कागद वाचणे, अर्ज भरणे, दोन आकडे ताडून पाहणे ही कामे तुम्ही नक्कीच करू शकता. पुष्कळ घरांत मराठीतील अर्ज वाचून दाखवणारे तुम्हीच असता. आणि या कामातील शब्द तुम्हाला परके नाहीत. अर्ज, मालक, वारस, दस्तऐवज, नक्कल, तारीख, विमा हे सारे शब्द थोड्याफार फरकाने तुमच्या उर्दूतही आहेत.

पहिले काम गाडीजवळ बसून करायचे आहे. मऊ फडक्यावर थोडे रॉकेल घेऊन चौकटीच्या मानेवरची धूळ आणि तेलकट थर पुसा. कानस किंवा पॉलिश कागद वापरू नका. क्रमांकाची अक्षरे फार खोल नसतात. कानस लावली, तर गंजाबरोबर अक्षरेही जातील. क्रमांक दिसू लागला की त्यावर पातळ पांढरा कागद घट्ट धरा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हळूहळू घासा. नाण्यावर कागद ठेवून त्याची छाप तुम्ही लहानपणी काढली असेल. अगदी तसेच करायचे आहे. कागदावर क्रमांकाची छाप उमटेल. परिवहन कार्यालयातही चासी क्रमांकाची अशी पेन्सिलची छाप मागतात. माणूस लिहिताना चुकू शकतो. छाप चुकत नाही. इंजिनच्या क्रमांकाचीही छाप घ्या. दोन्ही क्रमांकांची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवा.

दुसरे काम कागदांचे आहे. जुने आर.सी. बुक, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, शोधून काढा. विम्याचे जुने कागद, कराच्या पावत्या, आजोबांनी गाडी घेतली तेव्हाचे बिल, जे सापडेल ते एकत्र करा. जुन्या बुकात नोंदणी क्रमांकही वेगळ्या धाटणीचा दिसेल. आज महाराष्ट्रातील क्रमांक ‘एम.एच.’ या अक्षरांनी आणि त्यापुढे कार्यालयाच्या आकड्याने सुरू होतो. बारा म्हणजे पुणे, एक्केचाळीस म्हणजे मालेगाव. पूर्वी तशी पद्धत नव्हती. तीन इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे आकडे, असा क्रमांक असे.

तिसरे काम ताडून पाहण्याचे आहे. पेन्सिलची छाप एका बाजूला ठेवा आणि आर.सी. बुक दुसऱ्या बाजूला. एकेक चिन्ह बोट ठेवून वाचा. येथेच बहुतेक घोटाळे सापडतात. समजा, चौकटीवर इंग्रजी ‘बी’ हे अक्षर आणि त्यापुढे ३१८०५ हे पाच आकडे आहेत. हे उदाहरण काल्पनिक आहे. आर.सी. बुकात मात्र ८३१८०५ असे लिहिले आहे. काय झाले, ते तुमच्या लक्षात आले का? कोणीतरी ‘बी’ हे अक्षर आठ असे वाचले. ‘एस’ आणि पाच, ‘झेड’ आणि दोन, ‘आय’ आणि एक, ‘ओ’ आणि शून्य या जोड्यांतही असाच घोटाळा होतो. हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदी पुढे ‘वाहन’ या संगणक प्रणालीत भरल्या गेल्या. तेव्हा जुनी चूक तशीच पुढे गेली असेल किंवा नवी चूक शिरली असेल. या प्रणालीतील अनेक सेवांसाठी चासी क्रमांकाची शेवटची पाच चिन्हे विचारतात. ती जुळली नाहीत, तर काम पुढे सरकत नाही.

अशा वेळी सल्ला देणारे खूप भेटतात. एक जण म्हणतो, “अहो, अर्जात सतरा खाने आहेत. तुमचा क्रमांक सहाच चिन्हांचा. पुढे अकरा शून्ये लावून टाका.” दुसरा म्हणतो, “बुकात आठ आहे ना? मग चौकटीवरचा ‘बी’ घासून आठ ठोकून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.” तिसरा म्हणतो, “तपासायला कोण बसले आहे? चालू द्या.”

हे तिन्ही सल्ले ऐकू नका. दुसरा सल्ला तर सर्वांत वाईट. चौकटीवरचा क्रमांक खोडणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. चोरीच्या गाड्यांचे क्रमांक असेच खोडलेले असतात. तुमची गाडी आजोबांची, तिच्यात लबाडीचा लवलेश नाही; पण एकदा कानस फिरवली की ती चोरीच्या गाडीसारखी दिसू लागते. मग ती तुमचीच आहे, हे सिद्ध करणे कठीण जाते. शून्ये लावण्याचा सल्ला निरुपद्रवी वाटतो. तोही तसा नाही. शून्ये लावल्यावर तयार होणारा क्रमांक जगातल्या कोणत्याच गाडीवर नसतो. म्हणजे तुम्ही एका नसलेल्या गाडीची नोंद करता.

एक साधा नियम लक्षात ठेवा. कागद गाडीशी जुळवायचा असतो. गाडी कागदाशी जुळवायची नसते. कागदावरची चूक दुरुस्त करता येते. धातूवरचे अक्षर एकदा गेले की गेले.

मग करायचे काय? प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा. त्याचा नमुना असा :

प्रति,
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, ............

विषय : नोंदणी प्रमाणपत्रातील चासी क्रमांक दुरुस्त करून मिळणेबाबत.

महोदय,
माझ्या मोटारसायकलचा नोंदणी क्रमांक ............ हा आहे. नोंदणी प्रमाणपत्रात चासी क्रमांक ............ असा लिहिलेला आहे. प्रत्यक्ष चौकटीवर तो ............ असा आहे. हा क्रमांक गाडीच्या निर्मितीच्या काळच्या पद्धतीचा असून तो मूळचा आहे. त्यात कोणताही फेरफार केलेला नाही. सोबत क्रमांकाची पेन्सिलची छाप, छायाचित्रे आणि जुन्या कागदपत्रांच्या नकला जोडल्या आहेत. गाडी तपासणीसाठी केव्हाही हजर करण्यास मी तयार आहे. तरी प्रत्यक्ष तपासणी करून नोंद दुरुस्त करावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
............

अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर कार्यालयाचा शिक्का व तारीख घ्या. मोटार वाहन निरीक्षक गाडी स्वतः पाहतात. त्यांच्या डोळ्यांसमोर चौकट असते आणि हातात छाप असते. मग वादाला जागा उरत नाही.

गंजामुळे क्रमांक मुळीच वाचता येत नसेल, तरीही मिस्त्रीकडून तो पुन्हा ठोकून घेऊ नका. आधी कार्यालयात जा, खरी स्थिती सांगा आणि लेखी आदेश मिळेपर्यंत थांबा. इंजिन बदललेले असेल, तर त्याचीही नोंद करून घ्यावी लागते. बदललेल्या इंजिनचे बिल सांभाळून ठेवा.

गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल, तर ती वारसाच्या नावावर करणे आवश्यक आहे. नियम असा आहे, की मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत वारसाने परिवहन कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना क्रमांक ३१ मध्ये अर्ज करावा. सोबत मृत्यूचा दाखला जोडावा. इतर वारस असतील, तर त्यांची लेखी संमतीही घेऊन ठेवावी. मुदत टळून गेली असेल, तर लपवू नये. कार्यालयात जाऊन विचारावे आणि नियमाप्रमाणे जो दंड असेल तो भरावा. नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज नमुना क्रमांक २५ मध्ये करतात. मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत तो करता येतो. आर.सी. बुक हरवले असेल, तर दुसऱ्या प्रतीसाठी नमुना क्रमांक २६ आहे.

आजोबांची गाडी नसून कोणाकडून विकत घेतलेली जुनी गाडी असेल, तर आणखी एक काळजी घ्या. पैसे देण्याआधी स्वतः छाप काढून कागदांशी ताडून पाहा. गाडी चोरीची नाही ना, याची चौकशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदींतून करता येते. तेथेही चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक बिनचूक द्यावे लागतात.

आता विम्याकडे वळू. विमा म्हणजे काय? तुम्ही दरवर्षी ठरावीक रक्कम भरता. तिला हप्ता म्हणतात. त्याच्या बदल्यात विमा कंपनी नुकसान भरून देण्याची हमी घेते. मोटारसायकलच्या विम्याचे मुख्य प्रकार दोन आहेत. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले, तर ते भरून देणारा विमा, त्याला थर्ड पार्टी विमा म्हणतात. तो कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा विमा ऐच्छिक आहे. विम्याशिवाय गाडी चालवल्यास, २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे, पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

थर्ड पार्टी विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीवर नसतो. तो इंजिनच्या आकारावर असतो. १ जून २०२२ पासून लागू केलेल्या दरांत १५० सी.सी.पेक्षा मोठ्या आणि ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीसाठी वर्षाला १,३६६ रुपये हप्ता ठरवला गेला. त्यापेक्षा मोठ्या दुचाकीसाठी तो २,८०४ रुपये ठरला. त्यावर कर वेगळा. जुनी बुलेट ३४६ सी.सी.ची. म्हणजे ती पहिल्या गटात येते. कोणी चुकून ५०० लिहिले, तर हप्ता दुपटीहून जास्त होईल. तेव्हा तोही आकडा तपासा.

स्वतःच्या गाडीचा विमा घेताना गाडीची किंमत ठरवावी लागते. पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत मालक आणि कंपनी यांनी मिळून ठरवायची असते. म्हणून दुरुस्तीची बिले आणि गाडीची छायाचित्रे जपून ठेवावीत. घरच्यांना ती गाडी अनमोल वाटते. पण कंपनीला पुरावा लागतो.

विम्याच्या कागदावर नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि निर्मितीचे वर्ष असते. संगणकाने छोटा क्रमांक घेतला नाही, तरी शून्ये किंवा खोटी अक्षरे भरू नका. कंपनीच्या शाखेत स्वतः जा. आर.सी. बुकाची नक्कल, क्रमांकाची छाप आणि छायाचित्रे द्या आणि ‘हा जुन्या पद्धतीचा मूळ क्रमांक आहे’ असे लिहून कळवा. पॉलिसी हाती आली की ती घरी नेऊन पेटीत ठेवू नका. तेथेच बसून एकेक चिन्ह वाचा. चूक असेल, तर लगेच दुरुस्तीपत्र मागा. अपघात होण्याआधी दुरुस्त केलेली चूक ही फक्त चूक असते. अपघातानंतर सापडलेली चूक संशय निर्माण करते.

एवढी काळजी कशासाठी? एका अक्षराने काय बिघडते? याचे उत्तर रस्त्यावर मिळते.

समजा, तुमचा भाऊ ती गाडी घेऊन बाजाराच्या रस्त्याने चालला आहे. हातगाडीवर फळे विकणारा एक माणूस अचानक समोर येतो. भाऊ ब्रेक दाबतो, पण गाडी घसरते आणि त्या माणसाचा पाय मोडतो. तो रोज कमावून रोज खाणारा आहे. तीन महिने त्याला उभे राहता येणार नाही. त्याच्या घरी चूल कशी पेटणार? अशा माणसाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तेथे पहिलाच प्रश्न निघतो : ज्या गाडीने अपघात झाला, तिचा विमा होता का? पोलीस गाडीचा क्रमांक लिहून घेतात. तो पॉलिसीतील क्रमांकाशी जुळला, तर हा प्रश्न तेथेच मिटतो. जुळला नाही, तर कंपनी म्हणू शकते, “आम्ही विमा उतरवला ती गाडी ही नव्हे.” मग साक्षी, पुरावे आणि तारखा सुरू होतात. तो वाद तुमचा आणि कंपनीचा असतो. पण त्या काळात घरात पडून राहिलेला असतो तो फळवाला. विमा मुळीच नसेल, तर भरपाई तुमच्या कुटुंबालाच द्यावी लागते. त्यासाठी कित्येकांना घरदार विकावे लागते.

म्हणून थर्ड पार्टी विमा हा केवळ पोलिसाला दाखवायचा कागद नाही. ज्याला आपण ओळखतही नाही, त्याच्या भाकरीची ती हमी आहे. त्या हमीवरचे एक अक्षर आपण आळसाने चुकवले, तर त्याची शिक्षा त्या अनोळखी माणसाला भोगावी लागते.

शेवटी आणखी एक माहिती. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी असेल, तर तिच्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळे नियम केले आहेत. अशा गाडीला ऐतिहासिक, म्हणजे ‘व्हिंटेज’ वाहन म्हणून नोंदता येते. तिच्या नोंदणी क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात. ही नोंदणी दहा वर्षांसाठी असते. पण अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर नेता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. म्हणून ज्यांना गाडी रोज वापरायची आहे, त्यांनी या नोंदणीसाठी अर्ज करण्यापूर्वी नीट विचार करावा.

मित्रांनो, आपल्या गल्लीत एखादी जुनी गाडी दिसली, तर तिच्या मालकाला विचारून चौकटीच्या मानेवरचा क्रमांक पाहा. ज्या कामगाराने हातोडी मारून ती अक्षरे उठवली, तो कदाचित आज हयात नसेल. त्याचा कारखानाही बंद पडला असेल. तरी त्याने लिहिलेले नाव अजून वाचता येते. ते आहे तसे वाचावे आणि आहे तसेच लिहावे.

शब्दार्थ

चासी – गाडीची लोखंडी चौकट
मानक – सर्वांनी पाळायचे ठरलेले प्रमाण
नूतनीकरण – मुदत संपल्यावर पुन्हा नवे करून घेणे
हयात – जिवंत
ताडून पाहणे – दोन गोष्टी शेजारी ठेवून तपासणे
कानस – धातू घासण्याचे हत्यार
लवलेश – अगदी थोडा अंश
निरुपद्रवी – त्रास न देणारा
फेरफार – बदल
ऐच्छिक – आपल्या इच्छेवर अवलंबून असलेला
दाद मागणे – न्याय मागणे
न्यायाधिकरण – ठरावीक प्रकारचे दावे चालवणारे न्यायालय

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोटारसायकलची खरी ओळख कोणत्या क्रमांकाने पटते?
(आ) सतरा चिन्हांच्या क्रमांकात कोणती तीन इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत?
(इ) मोटार वाहन कायदा, १९८८ केव्हापासून अमलात आला?
(ई) मालक मरण पावल्यास वारसाने किती दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चौकटीवरचा क्रमांक पुसताना कानस का वापरू नये?
(आ) क्रमांकापुढे शून्ये लावण्याचा सल्ला चुकीचा का आहे?
(इ) थर्ड पार्टी विम्याला लेखकाने ‘भाकरीची हमी’ का म्हटले आहे?

प्र. ३. रिकाम्या जागा भरा.
(अ) नोंदणीचे नूतनीकरण दर वेळी ............ वर्षांसाठी होते.
(आ) विम्यासाठी दरवर्षी भरायच्या रकमेला ............ म्हणतात.
(इ) कागद ............ जुळवायचा असतो.

प्र. ४. चूक की बरोबर ते लिहा. चूक असल्यास वाक्य दुरुस्त करा.
(अ) बी.एस.ए.च्या सर्व गाड्यांवर चौकटीचा आणि इंजिनचा क्रमांक एकच असे.
(आ) व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोज बाजारात नेता येते.
(इ) थर्ड पार्टी विम्याचा हप्ता इंजिनच्या आकारावर ठरतो.

प्र. ५. वचन बदला : पावती, छाप, अक्षर, कारखाना, गाडी.

प्र. ६. उर्दूतही वापरले जाणारे आणखी पाच शब्द पाठातून शोधा. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

प्र. ७. विम्याच्या पॉलिसीत इंजिन क्रमांक चुकीचा छापला गेला आहे. तो दुरुस्त करून मिळावा, म्हणून विमा कंपनीच्या शाखाधिकाऱ्यांना पत्र लिहा.

उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या एखाद्या दुचाकीच्या चासी क्रमांकाची, मालकाची परवानगी घेऊन, पेन्सिलने छाप काढा. ती नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहा. चूक आढळल्यास मालकाला सांगा.